भुकेला सगळं कळत नाही

शर्यतीचा घोडा धावून आला की त्याच्या रक्तात एक चिमुकला रेणू एकदम वाढतो. त्याचं नाव लॅक-फे. स्नायू दमछाक होईपर्यंत राबले की लॅक्टेट तयार होतं, हे खेळाडूंना ठाऊक असतं. ते लॅक्टेट फेनिलअ‍ॅलनिन नावाच्या अमिनो आम्लाला जोडलं गेलं की हा रेणू बनतो. 2022 साली स्टॅनफर्ड आणि बेलर इथल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्याच्यावर लेख लिहिला. उंदीर, घोडे आणि माणसं, तिघांच्याही रक्तात व्यायामानंतर तो वाढलेला दिसला. माणसांत सर्वांत जास्त वाढला तो जीव तोडून मारलेल्या स्प्रिंटनंतर. मग संशोधकांनी तो लठ्ठ उंदरांना टोचून पाहिला, तेव्हा पुढच्या काही तासांत त्या उंदरांचं खाणं जवळपास निम्म्यावर आलं.

किती विचित्र आहे हे! इंधन भसाभसा जळालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच शरीर म्हणतं, जेवायला नको. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक 1999 साली जपानमध्ये सापडलं. जोरदार व्यायामानंतर तेही काही काळ खाली जातं. पळणाऱ्या प्राण्याला वाटेत जेवणाची आठवण येऊन उपयोग नाही, म्हणून ही सोय झाली असावी, असा माझा आपला अंदाज. पण रोज सकाळ-संध्याकाळ पळणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही सोय फार महागात पडू शकते.

1998 साली ब्रिटनमधल्या लीड्सच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळची न्याहारी कापली तर स्त्रियांची भूक लगेच वाढली आणि दुपारी त्यांना जेवणाची ओढ लागली. व्यायाम करून ऊर्जा घालवली, तेव्हा मात्र भुकेने त्याची दखलच घेतली नाही. ताटातून काढून घेतलेलं शरीराला चटकन कळतं, पण मैदानावर खर्च झालेलं कळायला वेळ लागतो. ‘भूक लागेल तेवढं खावं, शरीराला बरोबर समजतं’ हा सल्ला आपण सगळेच देतो. घरात बसून काम करणाऱ्याला तो बऱ्यापैकी लागू पडतो. जो खेळाडू दिवसाला तीन-चार तास घाम गाळतो, त्याच्या बाबतीत तो फसवा आहे.

थोडं गणित करू. 50 किलो वजनाची एक धावपटू घ्या. तिच्या अंगातली चरबी वगळली तर उरतात साधारण 40 किलो: स्नायू, हाडं, मेंदू, यकृत, रक्त. धावताना माणूस किलोमागे किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी खर्च करतो, म्हणजे 16 किलोमीटरला तिच्या 800 कॅलरी गेल्या. तिने दिवसभरात 2000 कॅलरी खाल्ल्या. भाजी-भाकरी, आमटी-भात, दूध, फळ, सगळं व्यवस्थित. कोणाच्याही नजरेला ती उपाशी दिसणार नाही. पण व्यायामाचा खर्च वजा जाता शिल्लक राहिल्या 1200. त्या चाळीस किलोंत वाटल्या तर किलोमागे तीस. हृदय चालवणं, अंग उबदार ठेवणं, हाडांची डागडुजी, जंतूंशी लढणं आणि पाळी, हा सगळा संसार या तिसात भागवायचा. हा आकडा नेमका तीसच का घेतला, ते पुढे येईल.

आपल्याला वाटतं, कमी पडलं तर वजन उतरेल आणि काट्यावर दिसेल. इथेच पहिली फसगत होते. सुरुवातीला थोडं उतरतं, मग वजन जागच्या जागी थांबतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. प्रशिक्षक खूश, आई-वडील निश्चिंत. पगार कमी झालेल्या घरात आल्या-गेल्याचा चहा सुरू राहतो, मुलांची फी भरली जाते. पण रंगकाम पुढे ढकललं जातं, गळकं छप्पर तसंच राहतं, आजीच्या दातांचं ‘पुढच्या वर्षी बघू’ होतं. शरीरही असंच करतं. जे आत्ता, या क्षणी लागतं ते ते सांभाळतं आणि जे टाळता येतं ते टाळतं. आरामातली नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, चयापचय हळू होतो. जमा-खर्च जुळतो आणि काटा स्थिर राहतो. मंद नाडी तर खेळाडूच्या उत्तम तयारीचीही खूण असते, त्यामुळे तिच्याकडे कौतुकानेच पाहिलं जातं.

आता त्या तिसाकडे येऊ. त्यासाठी आधी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात डोकवावं लागेल. तिथून एक संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीकडे जातं आणि पाळीचं पुढचं सगळं चक्र त्याच्यावर चालतं. गंमत अशी की ते एकसारखं झिरपून चालत नाही, झटक्याझटक्यानेच जावं लागतं. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली हे माकडिणींवर दाखवून दिलं. त्यांनी माकडिणींचा स्वतःचा स्रोत बंद केला आणि तेच संप्रेरक बाहेरून सलग सोडलं, तर पिट्युटरी थंड पडली. तासातून एकदा, सहा मिनिटं सोडलं, तर ती पुन्हा कामाला लागली. द्रव्य तेच, फरक फक्त तालाचा. स्त्रीच्या शरीरात पाळीनंतरच्या दिवसांत हा ठोका साधारण तास-दीड तासाने पडतो. झोपेत, गप्पा मारताना, परीक्षेचा पेपर लिहिताना, तिला काहीही न जाणवता.

अ‍ॅन लाउक्स या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी हाच ठोका मोजायचं ठरवलं. त्या काळी समज असा होता की खेळाडू मुलींची पाळी व्यायामाच्या ताणाने जाते. लाउक्स यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. व्यायाम तेवढाच ठेवून आहार भरून दिला, तर ठोका बिघडला नाही. म्हणजे दोष पळण्याचा नव्हता, पळून झाल्यावर शिल्लक काय राहतं याचा होता. 2003 साली थुमा या सहकाऱ्यासोबत त्यांनी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. नियमित पाळी येणाऱ्या 29 तरुणींना पाच दिवस वेगवेगळ्या शिलकीवर ठेवलं: चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या किलोमागे 45, 30, 20 किंवा 10 कॅलरी. मग चोवीस तास, दर दहा मिनिटांनी रक्ताचा नमुना. तिसापर्यंत ठोका ठीक होता. त्याखाली तो एकदम विरळ होऊ लागला. आपल्या 16 किलोमीटरवाल्या मुलीच्या ताटात एक भाकरी कमी पडली की ती कुठे जाईल, ते आता दिसेल. ही रेघ प्रत्येकीची थोडी मागेपुढे असते, असं पुढच्या अभ्यासांनी सांगितलं. तीस हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. मला थक्क करतात ते पाच दिवस. पाच दिवसांत वजनात नजरेला कळेल असा फरक पडत नाही, आरशात काही दिसत नाही, पाळी चुकायला तर अजून आठवडे असतात. पण मेंदूच्या तळाशी निर्णय झालेला असतो: सध्या बाळंतपण परवडणार नाही. हाडं बांधण्याचं कामही त्याच पाच दिवसांत मंदावतं, हे त्याच प्रयोगशाळेने पुढच्या वर्षी दाखवलं.

मेंदूला ही खबर देतं कोण? एक निरोप्या सापडला आहे. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 साली लेप्टिन शोधून काढलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि शिल्लक घटली की ते झपाट्याने उतरतं, चरबी घटण्याच्या कितीतरी आधी. दहा वर्षांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी अतिव्यायामाने किंवा कमी वजनाने पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना नुसतं लेप्टिन टोचलं. वजन वाढवलेलं नव्हतं, तरीही हायपोथॅलॅमसचा ठोका परतला आणि काहींच्या बीजकोशातून स्त्रीबीजही सुटलं. खोटा निरोप पोहोचला आणि मेंदूने तो खरा मानला. हा उपचार म्हणून सांगत नाही. रिकाम्या तिजोरीवर ‘भरलेली’ अशी पाटी लावून काय मिळणार? पण एवढा मोठा निर्णय एका रेणूच्या चढ-उतारावर फिरू शकतो, हे वाचलं तेव्हा मी त्या ओळीवर बराच वेळ थांबलो होतो.

तर आत एवढा काटेकोर हिशेब चालू असतो आणि तो ज्याच्यासाठी चालतो, त्यालाच पत्ता नसतो. स्वतःच्या शरीराची इतकी जाण असणारी माणसं तरी दुसरी कोणती? जिम्नॅस्टला हवेत उलटं असताना पायाचा अंगठा कुठे आहे ते कळतं. धावपटू घड्याळ न बघता किलोमीटरचा वेग सांगतो. पण अवयव कुठे आहेत हे कळणं वेगळं आणि आतड्यात, छातीत, पोटात काय चाललंय हे कळणं वेगळं. आतल्या खबरा मेंदूच्या इन्सुला नावाच्या घडीत पोहोचतात. ही जाण किती आहे ते पाहायची एक जुनी चाचणी आहे. रायनर शांड्री यांनी 1981 साली ती मांडली. शांत बसायचं, नाडीला हात लावायचा नाही आणि ठरावीक वेळात हृदयाचे ठोके मोजायचे. करून पाहा. काहींना जवळपास बरोबर आकडा सांगता येतो, बऱ्याच जणांना छातीत काही चाललंय याचाच पत्ता लागत नाही. या चाचणीत अंदाजाने ठोकून देणारेही पास होतात, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण फरक असतो, एवढं तिने नक्की दाखवलं.

शिवाय खेळाडूचं निम्मं शिक्षण आतला आवाज दडपण्याचंच असतं. पोटऱ्या जळतायत? अजून एक फेरी. श्वास पुरत नाही? अजून दोन. हे शिकल्याशिवाय कोणी जिंकत नाही. मग भुकेची, थकव्याची, थंडीची कुरबूरही त्याच खात्यात जाते. पाळी थांबली तर ‘बरं झालं, कटकट गेली’, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘आता खरी तयारी झाली’. ज्या मुली गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांना तर ही खूणही दिसत नाही, कारण गोळीच्या पाकिटानुसार येणारा रक्तस्राव म्हणजे त्यांची स्वतःची पाळी नव्हे. मुलांच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉन उतरतं, कामेच्छा मंदावते, आणि त्याविषयी डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही.

या खड्ड्यात पडण्याच्या वाटा अनेक आहेत. कोणी नकळत पडतं. सराव वाढला, ताट तेवढंच राहिलं. कोणी मुद्दाम कमी खातं, कारण हलकं असलं की वेळ सुधारते आणि काही आठवडे ती खरंच सुधारते. कोणाचा हा हट्ट पुढे अ‍ॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया अशा आजाराच्या हवाली होतो. नॉर्वेत अव्वल खेळाडूंचा मोठा अभ्यास झाला, प्रश्नावलीनंतर प्रत्यक्ष मुलाखतीही घेतल्या. 2004 साली आलेले त्याचे आकडे असे: खेळाडूंमध्ये 13.5 टक्के लोकांना खाण्याशी निगडित आजार, इतर लोकांत 4.6 टक्के. अमेरिकेची मेरी केन 2013 साली, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत धावली होती. वजन उतरवण्याचा सतत तगादा होता, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 साली जाहीरपणे सांगितलं. हाडं मजबूत व्हायच्या वयात ती मोडत होती.

पण मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला प्रसंग खेळाडूंचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुण स्वेच्छेने उपाशी राहिले. ते शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले शांततावादी होते. युरोपातल्या भुकेकंगाल लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे समजावं म्हणून त्यांनी स्वतःची शरीरं देऊ केली. निवडताना त्यांची मनं ठणठणीत आहेत ना, हे कसून तपासलं होतं. अ‍ॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली, विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या पोटातल्या खोल्यांत, चोवीस आठवडे त्यांचा आहार जवळपास निम्म्यावर ठेवला. आठवड्याला 22 मैल चालणं चालूच. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटलं. बसताना हाडं टोचायची म्हणून ते उशी घेऊन फिरू लागले, उन्हाळ्यातही कुडकुडू लागले.

आणि मग ते बदलले. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती असे पुरुष पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, रात्री जागून वाचू लागले. एकेक घास चिरून, कालवून, तासभर पुरवू लागले. कोणाच्या ताटात काय पडलं यावर नजर राहू लागली. मैत्रिणी, राजकारण, देव, जग सुधारण्याची स्वप्नं, सगळं मागे पडलं. काहींना आपण हडकुळे झालोय असं वाटेना, उलट रस्त्यावरची धडधाकट माणसंच लठ्ठ दिसायला लागली. ही सगळी लक्षणं आज अ‍ॅनोरेक्सियाची म्हणून ओळखीची आहेत. घासाचे तुकडे, खाण्याचे विधी, सतत अन्नाचा ध्यास, आरशाचं खोटं बोलणं. पण या पोरांना बारीक व्हायचं नव्हतं, त्यांच्यावर कोणा मॉडेलची छाप नव्हती. तरीही नुसत्या उपासमारीने त्यांचं मन त्या वळणावर नेऊन ठेवलं. म्हणून एखादी खेळाडू ताटाशी विचित्र वागू लागली की ‘तिच्या डोक्यातच काहीतरी आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या शिलकीचं गणित करावं. डोकं शिलकीवरच चालतं. आजार फक्त उपासमारीनेच होतो असा याचा अर्थ नाही. आनुवंशिकता आहे, स्वभाव आहे, घरचं-मैदानावरचं वातावरण आहे. पण भुकेला मेंदू स्वतःकडे पाहण्याचा आरसाच बदलून टाकतो, हे त्या 36 जणांनी दाखवलं. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांना कितीतरी आठवडे तृप्ती माहीत नव्हती. पोट तुडुंब, आणि भूक आहे तशीच.

मग खेळाडूने विश्वास ठेवायचा कशावर? ज्या भुकेला कळत नाही, तिला विचारूच नये, असं लाउक्स यांच्यासारख्या तज्ज्ञांचं म्हणणं. सराव ठरलेल्या वेळी होतो, तसं खाणंही घड्याळाने आणि ठरवून व्हावं, इच्छा असो वा नसो. हे ऐकून कोल्हापूरच्या तालमीतला एखादा वस्ताद हसेल. जोर-बैठका झाल्या, हौद्यात लढत झाली की थंडाई, दूध, तूप, बदाम, मटण, जो काही खुराक बांधून दिला असेल तो संपवायचा. ‘भूक आहे का रे?’ असं पैलवानाला कोणी विचारत नाही.

अर्थात तो खुराक मातीतल्या कुस्तीचा, जिथे अंगापिंडाने भरणं हाच गुण. वजनगट आले आणि खेळ उलटा झाला. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला 52 किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला एक गट वर, 57 किलोत, लढले आणि कांस्य घेऊन कराडला परतले. आज मल्ल बहुधा खालच्या दिशेने जातात. विनेश फोगाट आधी 53 किलोत लढायची. 2024 साली पॅरिसला ती 50 किलोत उतरली, पहिल्या दिवशी जपानच्या युई सुसाकीला हरवून अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅमने बाद झाली. रात्री लढती संपल्या तेव्हा ती 2.7 किलोने वर होती, असं भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी सांगितलं. एका रात्रीत उतरलं ते मुख्यतः पाणी. शेवटी केसही कापले. देशाने ते 100 ग्रॅम पाहिले. पण तासातून एकदा पडणारा ठोका कोणत्याच काट्यावर येत नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या सगळ्याला एक नाव दिलं: खेळातली सापेक्ष ऊर्जाकमतरता, इंग्रजी आद्याक्षरांनी ‘रेड-एस’. स्त्रियांपुरता मानला जाणारा प्रश्न पुरुषांचाही झाला. पण नियमांनी काही साधेल का, यावर मला दोन ठिकाणं आठवतात. 1997 साली अमेरिकेत सुमारे पाच आठवड्यांत तीन कॉलेज-मल्ल वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि सॉनावर बंदी आली. हंगामाच्या सुरुवातीला, अंगात पुरेसं पाणी असताना मोजणी करून प्रत्येकाचं किमान वजन ठरू लागलं आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायला मनाई झाली.

दुसरं ठिकाण स्की-जंपिंगचं. तिथे माणूस उतारावरून घसरत येतो आणि हवेत झेप घेतो. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या यान बोक्लोवने स्की इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या फाकवून उडायला सुरुवात केली. स्कीखाली हवा जास्त साठू लागली, हलक्या अंगाचा फायदा वाढला आणि उडणारे वाळू लागले. उपदेशांचा काही उपयोग होईना. मग 2004 साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्कीच्या लांबीलाच हात घातला: पूर्ण लांबीच्या स्की हव्या असतील तर उंचीच्या प्रमाणात ठरावीक वजन भरलं पाहिजे. ते भरलं नाही तर स्की आखूड. आखूड स्कीखाली हवा कमी साठते, त्यामुळे वजन गाळून जे काही मीटर मिळवले असतील ते हवेतच परत जातात.